कांचपेटींतील मत्स्यन्याय

मोठ्या माशानें लहान माशास गिळावें, या सृष्टिनियमास आपल्या प्राचीनांनीं ‘मत्स्यन्याय’ असें नांव दिलें. दंड धरणारा राजा नसेल तर बलवान् दुर्बलास खाऊन टाकतो, हें कौटिल्यानें अर्थशास्त्रांत याच शब्दानें सांगितलें आहे. शतपथब्राह्मणांतील मनूच्या कथेंत तर एक इवलासा मासाच हें गाऱ्हाणें मांडतो. लहानपणीं त्यास आपल्याच जातभाईंचें भय वाटतें. म्हणून त्यास आधीं घटांत, वाढल्यावर खड्ड्यांत व शेवटीं समुद्रांत ठेवावयाचें असतें. मत्स्यपालनाचें सार याहून थोडक्यांत कोणी सांगितलें असेल असें वाटत नाहीं.

आमच्या कामोठ्यासारख्या नव्या वस्तींत घरास अंगण नाहीं, परसू नाहीं, आड नाहीं. मुलांस सजीव सृष्टीचा सहवास घडावा म्हणून पुष्कळ घरीं कांचेची पेटी येते, ही गोष्ट स्तुत्यच आहे. परंतु दुकानांत मासे निवडले जातात ते रंग पाहून, तोंड पाहून नव्हे. दोन इंचांचें ऑस्करचें पिल्लू आणि जवळजवळ तेवढीच मॉली बरोबरच घरीं येतात. वर्ष-दीड वर्षांत ऑस्कर फूटभर लांबीच्या घरांत जातो, मॉली मात्र होती तेवढीच राहते. आणि एके सकाळीं मुलें मासे मोजूं लागतात तों एक कमी भरतो. वडील मंडळी ‘मेला असेल’ म्हणून समजूत घालतात. मुलांस खरें कारण सांगितलें पाहिजे.

तें कारण असें. भक्षक मासा क्रूर नसतो. जें तोंडांत मावेल तें अन्न, एवढेंच त्यास ठाऊक. एंजल मासा दिसावयास सौम्य. परंतु पूर्ण वाढ झालेला एंजल दीड इंचाच्या निऑन टेट्रास सहज गिळतो, आणि तेंहि बहुधा दिवा मालवल्यावर. पोट भरलेलें असलें म्हणजे तो शेजाऱ्यास सोडील, ही समजूतहि व्यर्थ आहे. नदींत लहान मासा पळूं शकतो, शेवाळांत दडूं शकतो. तीन फुटांच्या पेटींत त्यास पळावयास जागाच नसते. अर्थात् दोष भक्षकाचा नाहीं, दोघांस एकत्र कोंडणाऱ्याचा आहे.

याचा उत्तम दाखला आमच्या रायगड जिल्ह्यांतच आहे. खाडींतील जिताडा हा नामांकित भक्षक. पेण-अलिबागकडे खारपट्ट्यांतील तळ्यांत तो पाळण्याची जुनी चाल आहे. चेन्नईच्या केंद्रीय खारेपाणी मत्स्यपालन संस्थेनें १९९७ सालीं जिताड्याचें प्रजनन उबवणीगृहांत साधलें. परंतु या पिल्लांत मोठें पिल्लू आपल्याच भावंडास गिळतें. स्वतःच्या निम्म्याहून अधिक लांबीचें भावंडहि त्याच्या घशांत जातें. म्हणून पालनकर्ते दर कांहीं दिवसांनीं पिल्लें निवडून आकाराप्रमाणें निरनिराळ्या टाक्यांत घालतात. शाळेंत इयत्ता पाडतात तसेंच हें. जें उपदेशानें होत नाहीं तें प्रतवारीनें होतें.

हाच नियम घरीं पाळावा. मासा घेतांना त्याची पूर्ण वाढ किती, हें आधीं विचारावें. गप्पी, मॉली, प्लॅटी ही शांत मंडळी एकत्र नांदते. टायगर बार्ब शेजाऱ्यास खात नाहीं, पण लांब परांच्या माशांचे पर कुरतडतो. स्वजातीच्या सहा-आठांच्या थव्यांत ठेवल्यास त्याची ही खोड बरीचशी आपसांतच जिरते. ऑस्करास स्वतंत्र व निदान चार फुटांची पेटी हवी. त्यास जिवंत मासे चारण्याची हौस बाळगूं नये. त्यांजबरोबर रोग येतात. तयार दाणे व कोळंबी यांवर तो उत्तम पोसतो.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मासा पेटींत मावेनासा झाला म्हणजे त्यास जवळच्या तळ्यांत सोडून पुण्य जोडल्याचें समाधान मानणारे लोक आहेत. हें पुण्य नव्हे. जिताड्याचाच सगोत्र जो नाईल पर्च, तो १९५० नंतरच्या दशकांत आफ्रिकेंतील व्हिक्टोरिया सरोवरांत सोडण्यांत आला. १९८० नंतर तो इतका माजला कीं, तेथील लहान माशांच्या शेकडों जाती दिसेनाशा झाल्या. श्रीनगरच्या दल सरोवरांत २०२३ सालीं अमेरिकेंतील ॲलिगेटर गार सांपडला. तो कांहीं पोहत आला नव्हता. आपल्या तळ्यांतील मरळ, खवली, दांडवण यांचे शत्रु आपणच आणून सोडावे काय? वाढलेला मासा दुकानदारास परत द्यावा, अथवा मोठी पेटी बाळगणाऱ्या गृहस्थाच्या स्वाधीन करावा.

पेटी आणण्यापूर्वीं मुलांस हा हिशेब एकदां करावयास लावावा: कोणता मासा, किती वाढेल, कोणाशेजारीं राहील. कौटिल्यानें वर्णिलेलें अराजकाचें भय या कांचेच्या राज्यांतहि खरें ठरतें. तेथला दंडधर गृहस्थच असतो. त्यानें डोळे मिटले तर लहानांस वाली उरत नाहीं.