हॉल तापतो, आईची खोली गारच



थंडी सुरू झाली की आपल्यापैकी कोणीतरी हमखास विचारतं, "घरात एक खोली भट्टी आणि दुसरी फ्रीज, काय करावं?" गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरात येऊन बसला. उत्तर शोधायला मला सात आठवडे लागले, त्यातले तीन मी स्वतःच्या शहाणपणामुळे वाया घालवले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आम्ही शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूच्या एका बाजूच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. इमारत १९२०च्या सुमाराची, विटांची, तीन मजली. खाली घरमालक, मध्ये एक कुटुंब, वर आम्ही. बेसमेंटमध्ये सगळ्यांचा मिळून एक बॉयलर आणि प्रत्येक खोलीत बिडाचा जाडजूड रेडिएटर. आई डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला मागची खोली दिली. स्वतंत्र, शांत, सकाळी पूजेला बरी. फक्त तीन बाजूंनी बाहेरच्या भिंती आणि वायव्येचं वारं थेट अंगावर.

आई तक्रार करणाऱ्यातली नाही. दोन स्वेटर, कानटोपी, वर शाल अशी बसायची आणि "छान आहे रे" म्हणायची. रोज दुपारी पटेल ब्रदर्समध्ये मेथी आणायला जायची ती तासाभराने परत. मला वाटायचं, रमते बिचारी. (पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान १९७४ साली डेव्हनवरच निघालं, तेव्हा रमायला हरकत नाही.) ती तिथे ऊब घ्यायला थांबते हे मला जानेवारीपर्यंत कळलं नाही.

जानेवारीत एके दिवशी ऑफिसातून लवकर घरी आलो. स्वयंपाकघराच्या काचांवरून पाणी ओघळत होतं. गॅसचा ओव्हन पेटवून, त्याचं दार उघडं टाकून आई समोर खुर्ची घेऊन पोथी वाचत बसलेली. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म टेबलावर उपडा. "तुझी ती डबी सारखी पींपीं करत होती, म्हणून सेल काढून ठेवले."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि नुसतं डोकं दुखतंय म्हणता म्हणता माणूस कायमचा झोपतो. शिकागोत घराघरात हा अलार्म सक्तीचा आहे तो १९९४ पासून, उगाच नाही. ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या, तिला जिना उतरवून बाहेर मोकळ्या हवेत नेलं. सुदैवाने काही झालं नाही. पण आईवडील येणार असतील तर ओव्हन खोली तापवायला नसतो आणि ती डबी वाजली की घराबाहेर पडायचं, या दोन गोष्टी त्यांना पहिल्या दिवशी सांगा. मी सांगितल्या नव्हत्या. चूक माझी.

त्या रात्री आईच्या खोलीत थर्मामीटर ठेवला. ६० अंश फॅरनहाइट. त्याच वेळी आमच्या हॉलमध्ये ७९.

शिकागोच्या नियमानुसार १५ सप्टेंबर ते १ जून या काळात घरमालकाने सकाळी साडेआठ ते रात्री साडेदहा किमान ६८ अंश आणि रात्री किमान ६६ अंश तापमान ठेवायलाच हवं. नाही ठेवलं तर ३११ वर तक्रार करता येते. मी फोन हातात घेतला होता. पण आधी मालकांना जाऊन भेटावं म्हणून खाली गेलो, तर भर जानेवारीत त्यांच्या दोन खिडक्या सताड उघड्या आणि स्वतः बनियनवर. म्हणाले, "तुम्ही वरचे थंडी थंडी करता म्हणून मी थर्मोस्टॅट ७६ वर ठेवलाय, मी इथे उकडून मरतोय." थर्मोस्टॅट एकच, तो त्यांच्या हॉलमध्ये. म्हणजे उष्णता कमी नव्हतीच. ती खिडकीतून बाहेर जात होती आणि बिल तेच भरत होते. एका कंत्राटदाराने त्यांना नवा, मोठा बॉयलर बसवा असं सांगितलं होतं. त्याचा खर्च शेवटी भाड्यातच आला असता.

आता माझं शहाणपण. पहिली आयडिया, हॉल फार तापतो ना, मग त्याची चावी अर्धी बंद करू. रात्री दोन वाजता ठण्ण, ठण्ण, ठण्ण. आई उठून दाराशी गेली, तिला वाटलं कोणीतरी हातोड्याने पाईप ठोकतंय. सकाळी जमिनीवर तांबूस पाण्याचं थारोळं. दुसरी आयडिया, बाजारात मिळणारे सगळ्यात मोठ्या भोकाचे एअर व्हेंट आणून घरातल्या सगळ्या रेडिएटरना बसवले. हॉल ८२ वर गेला, आईची खोली ६० वर तशीच. मग मात्र इंजिनिअरिंगची पदवी बाजूला ठेवून वाचायला बसलो. डॅन होलोहन यांचं 'द लॉस्ट आर्ट ऑफ स्टीम हीटिंग' हे १९९२चं पुस्तक अशा घरात राहणाऱ्या प्रत्येकाने चाळावं.

आमच्यासारख्या घरात प्रत्येक रेडिएटरला एकच पाईप असतो. त्यातूनच वाफ वर येते आणि थंड होऊन झालेलं पाणी त्यातूनच खाली जातं. म्हणून चावी पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद. अर्धी ठेवली की पाण्याला उतरायला वाट राहत नाही, वरून येणारी वाफ त्या पाण्याला फेकते आणि ठणठणाट होतो. रेडिएटरचा उतारही चावीकडेच हवा, कारण तसाच.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. बॉयलर बंद असतो तेव्हा पाईप आणि रेडिएटर रिकामे नसतात, हवेने भरलेले असतात. पाण्याची वाफ झाली की ती सुमारे सतराशे पट जागा मागते. पण आधीची हवा बाहेर गेल्याशिवाय तिला आत शिरता येत नाही. रेडिएटरच्या बाजूला जी छोटी चकचकीत बोंडासारखी वस्तू फुसफुसते ना, ती हवा बाहेर सोडते आणि वाफ पोचली की गरम होऊन बंद होते. बेसमेंटमधल्या मुख्य पाईपाच्या टोकालाही असा मोठा व्हेंट असतो. म्हणजे कुठली खोली आधी तापणार, हे तिथली हवा किती लवकर बाहेर पडते त्यावर ठरतं.

मी हे सगळं आईला चहा पिताना समजावत होतो. तिने मध्येच थांबवलं. "म्हणजे आपल्या डोंबिवलीच्या नळासारखंच की. पाणी पाऊण तास येणार. तळमजल्यावरच्यांची पिंपं भरेपर्यंत आपल्या नळाला नुसती हवा, आणि आपला नंबर लागेपर्यंत पाणी गेलं."

अगदी तेच! मी पुढचे दोन दिवस घड्याळ आणि इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन नुसत्या वेळा लिहिल्या. बॉयलर पेटल्यापासून मालकांच्या हॉलचा रेडिएटर १० मिनिटांत गरम. आमच्या हॉलचा १६ मिनिटांत. ३२व्या मिनिटाला मालकांचा थर्मोस्टॅट तृप्त, बॉयलर बंद. आणि आईच्या खोलीपर्यंत वाफ यायला लागणारा वेळ? एका फार थंड रात्री बॉयलर जास्त चालला तेव्हा मोजता आला, ४१ मिनिटं. म्हणजे एरवी तिच्या खोलीचा नंबर कधी लागतच नव्हता. मी हॉलला मोठा व्हेंट लावून काय केलं होतं, तर रांगेत पुढे असलेल्यालाच आणखी पुढे ढकललं होतं.

त्यानंतरची दुरुस्ती तशी साधी. आईच्या रेडिएटरवरचा व्हेंट रंगाच्या पाचसहा थरांखाली बुजून गेला होता, हवा जायला फटच नव्हती. (१९७८ पूर्वीच्या घरांच्या रंगात शिसं असू शकतं, तो खरवडत बसू नका. बेसमेंटच्या जुन्या पाईपांना पांढरं गुंडाळलेलं असेल तर तेही ॲस्बेस्टॉस असू शकतं, हात लावू नका.) मालकांची परवानगी घेऊन, बॉयलर बंद असताना, रेडिएटर पूर्ण गार झाल्यावर जुना व्हेंट पान्याने काढला, नव्याच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला. खर्च वीस डॉलरच्या आसपास. पाणसळ ठेवून पाहिलं तर रेडिएटर उलट्या बाजूला झुकलेला, शंभर वर्षांत जमीन बसली होती. लांबच्या पायांखाली लाकडी पाचरी सरकवल्या. ४१ ची ३५ मिनिटं झाली. सुधारणा, पण पुरेशी नाही.

बेसमेंटचं काम मी केलं नाही. बॉयलरला हात लावणं हे आपलं काम नव्हे. मालकांनी वाफेच्या कामातला परवानाधारक प्लंबर बोलावला, शोधायला दोन आठवडे लागले, कारण ही विद्या येणारी माणसं आता कमी. त्याने मुख्य पाईपाच्या टोकाचा व्हेंट काढून हातात दिला, तो गंजून दगड झाला होता. म्हणजे एवढ्या लांब पाईपातली सगळी हवा आमच्या रेडिएटरच्या सुईएवढ्या भोकातून बाहेर पडायचा प्रयत्न करत होती. नवे दोन व्हेंट लावले. शिवाय कोणीतरी पूर्वी, वर वाफ पोचत नाही म्हणून, बॉयलरचा दाब वाढवून सहा पौंडांवर नेऊन ठेवला होता. त्याने तो दीडवर आणला. मला हे उलटंच वाटलं होतं. पण अशा घराला दाब फार थोडा लागतो. व्हेंट बुजलेले असताना दाब वाढवला तर गॅस जळतो आणि पाईपांत पाणी उडतं, बाकी काही नाही.

शेवटी मालकांच्या आणि आमच्या हॉलला मुद्दाम सगळ्यात बारीक भोकाचे व्हेंट, मधल्या खोल्यांना मध्यम, आईच्या खोलीला मोठा. जवळच्याला हळू, लांबच्याला भरभर. आता मालकांचा हॉल १८ मिनिटांत गरम होतो आणि आईची खोली २१. थर्मोस्टॅट ७६ वरून ७० वर आला. आईच्या खोलीत ६९, आमच्या हॉलमध्ये ७२. मालकांच्या खिडक्या बंद आहेत आणि ते शर्ट घालतात. :-)

बचतीचं म्हणाल तर अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी शिकागो परिसरातल्या वाफेवर तापणाऱ्या इमारतींचा अभ्यास झाला होता, २०१३ साली अहवाल निघाला. व्हेंट आणि नियंत्रण यंत्रणा बदलून असं संतुलन साधल्यावर तापवायचा गॅस सुमारे दहा टक्के कमी लागला. उत्सुकता असणाऱ्यांसाठी आणखी एक. हे रेडिएटर खोलीच्या मानाने एवढे अवाढव्य का, याचं कारण होलोहन १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीशी जोडतात. तेव्हा मोकळ्या हवेसाठी खिडक्या उघड्या ठेवायचा आग्रह होता आणि खिडक्या उघड्या असतानाही घर तापावं अशा हिशेबाने यंत्रणा बसवल्या गेल्या. म्हणजे आमचे मालक शंभर वर्षांपूर्वीच्या सूचनांचं पालन करत होते म्हणायचे.

नेपरव्हिल, शॉमबर्गकडच्या मंडळींकडे बहुतेक फर्नेस आणि हवेचे डक्ट, त्यांना वरचं लागू नाही. पण घड्याळ आणि थर्मामीटर लागू आहे. तुमच्याकडे नेहमीची रडकथा गॅरेजवरच्या खोलीची. आधी फिल्टर बघा. मग बेसमेंटमध्ये डक्टवर छोटी दांडी असते, ती डक्टच्या दिशेत असेल तर झडप उघडी, आडवी असेल तर बंद. एकदा रात्रभर त्या खोलीचं दार उघडं ठेवून पाहा. दार उघडल्यावर खोली तापली तर गरम हवा येते आहे पण जुनी हवा परत जायला वाट नाही, आमच्या वाफेसारखंच. तसं नसेल तर डक्टचे सांधे किंवा गॅरेजच्या छतातलं इन्सुलेशन. आणि वापरात नसलेल्या चार खोल्यांचे व्हेंट बंद करून पाचवीत हवा ढकलू नका, फर्नेसवर ताण येतो आणि सांध्यांतून हवा गळते.

आई एप्रिलमध्ये परत गेली. फेब्रुवारीच्या अखेरीपासून ती मेथी घेऊन दहा मिनिटांत घरी यायला लागली होती. दुसरी कानटोपी तिने मालकांना देऊन टाकली.

एक गोष्ट राहिली आहे. स्वयंपाकघर अजून ६५ च्या वर जात नाही, कारण तिथे रेडिएटरच नाही, कोपऱ्यातून नुसता उभा पाईप वर गेला आहे. आई पुन्हा नोव्हेंबरात येते आहे. अशा उभ्या पाईपाचं कोणी काही केलं असेल तर जरूर लिहा.