मामाजींच्या तापाची वही

मामाजींची शंभर पानी वही अजून माझ्यापाशी आहे. पुढच्या पानांवर धानाच्या पोत्यांचा हिशेब, मागे तापाचा.

आमगावजवळच्या खेड्यातला माणूस. चाळीस वर्षे खर्रा खाल्ला, गालाला कर्करोग झाला. नागपूरला औषधोपचार सुरू झाले आणि २५ मार्च २०२० पासून देश बंद. गोंदियाहून सकाळच्या गाडीने जाऊन रात्री परतणारे आम्ही, आता पास काढून भाड्याची गाडी करू लागलो. योगायोग असा, की डॉक्टरांनी दुरून कसे तपासावे याचे सरकारी नियमही त्याच २५ मार्चला निघाले. मॉर्फिन मात्र फोनवरून लिहून द्यायला त्यांत मनाई होती. त्या एका कागदासाठी मी दोनदा नागपूर गाठले.

बाकी सारे फोनवर. घरात रेंज नसे, म्हणून मामाजींना पारावर बसवायचे. ताप, वजन, किती घोट पेज गेली, हे सिस्टर विचारीत. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी खूप उतरतात. तेव्हा १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे थेट दवाखाना, हे त्यांनी आमच्याकडून पाठच करून घेतले होते.

न्यूयॉर्कमधल्या ७६६ रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. संगणकावर त्रास कळवणाऱ्यांपैकी निम्मे ३१.२ महिन्यांहून अधिक जगले. नेहमीच्या पद्धतीत हाच आकडा २६. आमच्याकडे संगणक कुठला! पण वही होती, आणि वहीत रोज ९८.

नवव्या दिवशी सिस्टरांनी सहज विचारले, "काका, रात्री घाम येतो का? बनियन भिजते?"

मामाजी गप्प. मामींनी फोन ओढून घेतला. "रोज दोनदा बदलावी लागते, बाई. तापाची गोळी खाऊन मग थर्मामीटर लावतात हे!"

नागपूरला गेलो तर करोना होईल, ही त्यांची भीती. "कायले नेता मले मरायले?" गाडीत बसेपर्यंत हेच चालले होते. गोळीचा अंमल उतरला तेव्हा काटा १०२ वर. आठ दिवस सलाइनमधून प्रतिजैविके द्यावी लागली. वहीवर विसंबून राहिलो याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःचाच अधिक आला.

त्यानंतर मामाजींनी दोन रोवण्या पाहिल्या. वहीतले पुढचे सारे अक्षर मामींचे आहे. रोजच्या आकड्यापुढे त्या एवढेच लिहीत : 'गोळी नाही.'