भाड्याची पावती, कोर्टाची तारीख

मुंबईच्या भाडेकरूला कायद्याचं पहिलं कवच मिळालं ते पहिल्या महायुद्धामुळे. जागेची टंचाई होती, भाडी भडकली होती, म्हणून 1918 साली निर्बंधांचा कायदा आला. तो तात्पुरता होता. पण दुसरं महायुद्ध आलं, मग फाळणी, आणि 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधून टाकली. त्या कायद्यालाही मुदत होती. ती वाढतच गेली.

बांधलेल्या भाड्याचीच चर्चा फार झाली. भाडेकरूला खरं तारलं ते मात्र कार्यपद्धतीने. प्रमाणित भाडं देणाऱ्या, द्यायला तयार असणाऱ्या माणसाला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नव्हतं. मग काही मालकांनी भाडं घेणंच बंद केलं, म्हणजे थकबाकी आपोआप साचणार! यावर चाळींनी शोधलेला उतारा मनीऑर्डरचा. परत आलेल्या मनीऑर्डरीची पावती रेशनकार्डाइतकीच जपली जाई. सहा महिन्यांच्या थकबाकीची नोटीस आली, तर एका महिन्याच्या आत प्रमाणित भाडं ठरवून मागणारा अर्ज करायचा आणि कोर्ट सांगेल ती रक्कम भरत राहायची, जागा वाचायची. महिना उलटला आणि भाड्याच्या रकमेबद्दल वादही नसला, तर न्यायाधीशाचेही हात बांधलेले.

थकबाकीचा रस्ता असा अडला की मालकाची खरीखुरी गरज, पोटभाडेकरू, सहा महिने बंद ठेवलेली जागा अशी कारणं पुढे येत. गरज सिद्ध झाली तरी कोर्टाला आणखी एक तराजू धरावा लागे: जागा गेल्याने भाडेकरूचे हाल जास्त, की न मिळाल्याने मालकाचे? 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हसमत राय खटल्यात सांगितलं की ही गरज अपिलाच्या निकालापर्यंत टिकलेली हवी. धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्या भाडेकरूंच्या ते पथ्यावरच पडलं.

मालकांनी दुसरी वाट काढली होती, लीव्ह अँड लायसन्सची. राहणारा भाडेकरूच नाही, म्हटल्यावर संरक्षण कसलं? 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीला चालू करारावर राहत असलेल्यांना एका फटक्यात भाडेकरू केलं. त्यानंतर आलेल्यांना ते भाग्य नाही.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेली भाडी अवाजवी ठरवली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला 4 टक्के वाढ दिली आणि पागडीला, म्हणजे जागा घेताना भाड्याशिवाय द्यायच्या एकरकमी पैशाला, उघडपणे मान्यता दिली. थकबाकीच्या नोटिशीनंतर आता 90 दिवस मिळतात. दावा लागलाच, तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी, 15 टक्के व्याज आणि खर्च कोर्टात भरून जागा राखता येते.

ही उसंत पागडीवाल्याची. त्याच मजल्यावर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारावर राहणाऱ्याचं प्रकरण सक्षम प्राधिकाऱ्यापुढे जातं. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागितली नाही, तर मालकाचं म्हणणं कबूल केल्यासारखं धरतात. मुदत संपूनही जागा सोडली नाही, तर दुप्पट शुल्क. करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मात्र मालकाची. ती त्याने टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोटं पाडायचं काम मालकाचं.