आजोबांचा रंग नातवाच्या अंगावर

अंगावर काळ्या किनारीची नक्षी असलेली सापांची जोडी आणि पिल्लू मात्र नारिंगी, लाल डोळ्यांचे, काळ्याचा मागमूसही नसलेले! अमेरिकेत कॉर्न स्नेक पाळणाऱ्यांना आता याचे नवल वाटत नाही. (आपल्याकडे नाग, धामण वा अजगर पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.) १९५३ साली नॉर्थ कॅरोलिनात असा एक साप सापडला. डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी साध्या सापाशी त्याची जोडी लावली, तर पिल्ले सगळी साधीच. रंग हरवला म्हणावे, तर १९६१ मध्ये त्या पिल्लांच्या पिल्लांत तो पुन्हा उमटला.

प्रत्येक पिल्लाला या रंगाचे एक जनुक आईकडून, एक बापाकडून मिळते. काळा रंग बनवायला एक चांगले जनुक पुरते; सदोष जनुक मुकाट्याने दडून राहते. दोन्ही सदोष आली, तरच काळा रंग गायब. आईबाप दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अंड्यामागे ही शक्यता चारात एक. म्हणून आठ अंड्यांत दोन रंगीत पिल्ले निघतीलच असे नाही. एकही न निघता हात चोळत बसायची पाळी येते.

फसगत होते ती पुढेच. त्यांची साधी दिसणारी भावंडे 'वाहक' म्हणून जादा दराने विकली जातात. प्रत्येक भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. पण कोणते, हे नुसते पाहून विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

बॉल पायथनमधल्या 'स्पायडर' नक्षीला तर एकच जनुक पुरते. मात्र त्याच्यासोबत डोके डुगडुगण्याचा, तोल जाण्याचा विकारही येतो. नक्षी ठेवून विकार तेवढा काढणे पाळणाऱ्यांना साधलेले नाही.