हेमंताच्या उंबरठ्यावर : हिवाळा कोणाचा?

कार्तिक पौर्णिमा उलटली की फर्दापूर परिसरात वारा बदलतो. गावाच्या दक्षिणेस अजिंठ्याचा घाट उभा आहे, तर उत्तरेस तापीचे मोकळे खोरे पार सातपुड्यापर्यंत पसरलेले आहे. पश्चिमी विक्षोभामुळे काश्मीर-हिमाचलात बर्फ पडल्याचे वृत्त येते, तो विक्षोभ पुढे सरकतो आणि दोन-तीन दिवसांत उत्तरेचे कोरडे, गार वारे खानदेश ओलांडून घाटाच्या पायथ्याशी पोहोचतात. बर्फ आमच्याकडे पडत नाही. त्याची थंडी मात्र येते. नाडी दाखविताना वृद्ध रुग्ण विचारू लागतात, "वैद्यबुवा, यंदा थंडी फार पडणार म्हणतात, खरे का?" त्या प्रश्नात थोडा आनंद असतो आणि थोडे भयही असते. आमच्याही मनात त्या वेळी हेच दोन भाव असतात.

आनंदाची कारणे उघड आहेत. भूक लागते, झोप लागते, वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांचे दिवस येतात, लेणी पाहणाऱ्यांची वर्दळ वाढून तिठ्यावरच्या दुकानदारांच्या हाती पैसा खेळतो. औषधी दुकानदारांसाठी तर हा सुगीचाच काळ; च्यवनप्राश, अश्वगंधापाक आणि नाना प्रकारचे लाडू यांची मागणी वर्षातून एकदाच अशी येते. भयाचे कारण दवाखान्याच्या बाकावर बसलेले असते : तमक श्वासाचा म्हातारा, सकाळी बोटे न मिटणारी गृहिणी, टाचांच्या भेगांतून रक्त येणारा शेतमजूर.

हा दुहेरी भाव केवळ आमचा नाही, शास्त्राचाही आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तस्याशितीय अध्यायात व अष्टांगहृदयातील ऋतुचर्याध्यायात हेमंत हा उत्तम बलाचा काळ म्हणून वर्णिला आहे. विसर्गकालाच्या अंती व आदानकालाच्या आरंभी, म्हणजे हेमंत-शिशिरात, मनुष्याचे बल श्रेष्ठ असते. शीत वायूच्या स्पर्शाने अग्नी आत कोंडला जाऊन प्रबळ होतो. त्यास पुरेसे इंधन न मिळाल्यास तो देहातील रसधातूसच जाळू लागतो आणि वात प्रकुपित होतो. म्हणून स्निग्ध, अम्ल, लवण आहार, दुग्धविकार, इक्षुविकार, नवे तांदूळ, तैल, उष्णोदक, अभ्यंग आणि निवात गृह हा विधी सांगून अल्पाहार, लघु व वातल अन्न तसेच वाऱ्याचा झोत यांचा निषेध केला आहे.

याउलट शार्ङ्गधरांनी कार्तिकाचे शेवटचे आठ दिवस व मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांस यमदंष्ट्रा, म्हणजे यमाची दाढ, असे नाव दिले असून या काळात अल्प भोजन करणारा जगतो असे म्हटले आहे. एक आचार्य अल्पाहाराचा निषेध करतात, दुसरे हेमंताच्या दारातच अल्पाहार हे जीवनाचे साधन सांगतात. आपल्या पंचांगानुसार हा पंधरवडा चंपाषष्ठीला कवेत घेतो. म्हणजे चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडगा होऊन परत ताटात येते, नेमके त्याच आठवड्यात. दिवाळीच्या फराळाने मंदावलेला अग्नी अजून सावरलेला नसतो, तोच लाडवांचे डबे उघडतात. शार्ङ्गधरांस आमची दिवाळी ठाऊक होती की काय, असे कधी कधी वाटते.

या विसंगतीची उकल करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली देशाची. प्रावृट् व वर्षा असे पावसाळ्याचे दोन ऋतू का मानावेत आणि हेमंत व शिशिर असे थंडीचे दोन ऋतू का मानावेत, याविषयी टीकाकारांनी काश्यपांच्या नावे एक मत उद्धृत केले आहे. गंगेच्या दक्षिणेस पर्जन्य अधिक, म्हणून तेथे पावसाचे दोन ऋतू. गंगेच्या उत्तरेस हिमालयाच्या सान्निध्याने शीत अधिक, म्हणून तेथे थंडीचे दोन. सुश्रुताचार्यांनीही दोषांच्या संचय-प्रकोपासाठी जी ऋतुगणना दिली आहे, तीत शिशिर वगळून प्रावृट् घेतला आहे. तेथे कार्तिक-मार्गशीर्ष हे शरदाचे व पौष-माघ हे हेमंताचे मास ठरतात. फर्दापूर गंगेच्या पुष्कळ दक्षिणेस आहे. येथून चार-पाच किलोमीटरवर वाघूरच्या वळणावर कोरलेले विहार भिक्षूंच्या वर्षावासाचे स्मरण देतात. आश्रय हवा होता तो पावसापासून, हिमापासून नव्हे. आमच्या अनुभवास सुश्रुतांचीच गणना उतरते. कार्तिकात पहाट गार असली तरी दुपारी पारा ३० अंशांच्या आसपास असतो, आम्लपित्त व शीतपित्ताचे रुग्ण येतच असतात. त्या वेळी पंचांगात हेमंत लागला म्हणून स्निग्ध-उष्ण-गुरु उपचार आरंभणे म्हणजे उत्तरेची रजई दक्षिणेच्या उन्हात पांघरणे होय.

दुसरी गोष्ट एका शब्दाची आहे. चरकांनी अग्नीच्या प्राबल्याचे विधान करताना 'बलिनां' असे म्हटले आहे, म्हणजे बलवान मनुष्यांचा अग्नी बळावतो. वाग्भटांनीही हीच अट घातली आहे. विद्यार्थिदशेत हा शब्द आम्ही पाठ केला आणि व्यवसायात विसरलो. त्याची किंमत एका रुग्णेने मोजली. एका मार्गशीर्षात चाळिशीची एक गृहिणी सांधे आखडल्याची तक्रार घेऊन आली. ऋतू वाताचा, वेदना सांध्यांची, म्हणून आम्ही तैलाभ्यंग व उडदाचे लाडू सांगितले. आठ दिवसांनी ती परत आली तेव्हा मनगटे सुजली होती, अंगात ज्वर होता. तेव्हा कुठे आम्ही जीभ नीट पाहिली. जाड, साम जिव्हा, अरुची, सकाळचे स्तंभन, सारे आमवाताचे चित्र पहिल्या दिवशीही होते. आम्ही मात्र रुग्णा न पाहता पंचांग पाहिले होते. पुढे लंघन, शुंठी, एरंडस्नेह आणि वाळूच्या पोटलीने रूक्ष स्वेद या क्रमाने ती सावरली. तेव्हापासून 'सांधेदुखीचे तेल द्या' अशी मागणी आली की सकाळी सूज असते का, भूक लागते का, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून बाटली देऊ नये, अशी विनंती आम्ही औषधी दुकानदार बांधवांस करीत आलो आहोत. संधिवातात ज्या तेलाने आराम पडतो, तेच सामावस्थेत सूज वाढविते.

तमक श्वासाविषयी अधिक लिहिणे प्राप्त आहे, कारण येथे चूक झाल्यास सुधारण्यास वेळ मिळत नाही. मेघ, शीत व पूर्वेचा वारा यांनी हा व्याधी वाढतो असे चरक सांगतात. भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या निकषानुसार मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश वा त्याखाली जाऊन सरासरीपेक्षा ते ४.५ अंशांनी वा अधिक उतरले की थंडीची लाट समजतात. तसा इशारा आला की आम्ही आपल्या जुन्या श्वासरोग्यांस निरोप धाडतो : पहाटे बाहेर पडू नये, छाती-पाठीस सैंधवयुक्त कोमट तेल लावून शेक घ्यावा, रात्रीचे जेवण लवकर व हलके असावे, आणि इनहेलर चालू असल्यास तो आपल्या मनाने बंद करू नये. वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर काढ्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तदाबही थंडीत वाढतो, म्हणून हृद्रोग्यांनी भल्या पहाटेचे फिरणे ऊन पडेपर्यंत लांबवावे.

निवात गृहाच्या उपदेशाविषयीही सावध राहणे आवश्यक आहे. ग्रंथांतील निवात गर्भगृह व तेथील निखाऱ्यांची ऊब आपण रुग्णास सांगतो आणि तो पत्र्याच्या दहा फुटी खोलीत दार-खिडकी लावून पेटती शेगडी उशाशी घेऊन निजतो. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. झोपलेला मनुष्य उठतच नाही. शेगडी निजण्यापूर्वी बाहेर ठेवावी, हे वाक्य निवात गृहाच्या उपदेशास जोडूनच उच्चारावे.

औषधी दुकानांत व निर्माणशाळांत थंडीचे वेगळेच प्रश्न असतात. खोबरेल तेल २४ अंशांच्या सुमारास थिजते, घृते घट्ट होतात, मध रवाळ होतो आणि ग्राहक भेसळीचा आरोप करतो. मध उन्हात अथवा गरम पाण्यात ठेवून पातळ करून देण्याचा मोह टाळावा; तो तसाच द्यावा व कारण समजावून सांगावे. आसवारिष्टांचे संधान गारव्यात मंदावते. घडे धान्यराशीत पुरण्याची जुनी रीत निरर्थक नव्हती. जळती काडी घड्याच्या तोंडाशी विझत असेल तर संधान अद्याप चालू आहे. पौषात घाईने गाळून भरलेले अरिष्ट चैत्रात बूच उडविते. आवळा मात्र या दिवसांत रसरशीत मिळतो, म्हणून अवलेहासाठी याहून चांगला काळ नाही. चरकोक्त च्यवनप्राशात ५०० आवळ्यांस मत्स्यंडिका ५० पल सांगितली आहे, हे प्रमेही ग्राहकास तो देताना आठवावे.

हे सर्व खरे असले तरी आम्हास बोचते ते निराळेच. गुरु-स्निग्ध लाडू विकत घेतो तो दिवसभर गादीवर बसणारा, मेदस्वी मनुष्य. त्याचा अग्नी त्या ऋतूत तेवढा बळावलेला नसतो. ज्याचा अग्नी खरोखर पेटलेला असतो ती कापूस वेचणारी बाई चहाच्या घोटावर पहाटे शेतात जाते आणि दुपारपर्यंत काही खात नाही. ज्याच्या कृषिपंपाला रात्रपाळीची वीज मिळते तो शेतकरी मध्यरात्री गार पाण्यात उभा राहून गव्हाला पाणी भरतो. इंधन न मिळालेला अग्नी धातूंना जाळतो हे वचन या दोघांना अक्षरशः लागू आहे, आणि हे दोघे आपल्या दुकानाच्या पायरीवर क्वचितच चढतात. भेगा चिघळल्यावर, खोकल्याने बरगड्या दुखू लागल्यावर येतात तेव्हा माघ लागलेला असतो.

त्यांच्यासाठी मोठे कल्प नकोतच. कामावर जाण्यापूर्वी बाजरीची अर्धी भाकरी, तीळ किंवा शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा. पाण्यात उतरण्यापूर्वी पायांस तेल, परतल्यावर पाय कोरडे करून टाचांस कोकमतेल अथवा राळेचे मलम. गेली काही वर्षे आम्ही राळेच्या मलमाच्या लहान डब्या बनवून घेतो आणि कार्तिकातच, भेगा पडण्यापूर्वी, त्या अल्प मोलात देतो. नफा नगण्य आहे. ज्या दुकानदार बांधवांस हे करून पाहावयाचे असेल त्यांनी डबी दहा ग्रॅमचीच ठेवावी. मोठी डबी महाग पडते म्हणून घरात एकच घेतली जाते आणि ती घरातल्या पुरुषाच्या पायांनाच पुरते.