संकरित पिओनी : शंभर वर्षांची मशागत

चिनी पिओनी हे फुलझाड फ्रान्सच्या बागायतदारांच्या हाती पडलं आणि एकोणिसाव्या शतकात तिथे त्याच्या शेकडो जाती तयार झाल्या. १८५१ ची पांढरी ‘फेस्टिव्हा मॅक्सिमा’ आणि १९०६ ची गुलाबी ‘सारा बर्नहार्ट’ आजही रोपवाटिकांत मागून घेतल्या जातात. पण एकाच प्रजातीत कितीही निवड केली तरी रंग पांढरा, गुलाबी आणि लाल यांच्या पलीकडे जाईना. गडद पिवळा नाही, केशरी नाही, पोवळ्याचा रंग नाही. ही कोंडी फोडली ती संकराने. त्यामागे मोजक्या माणसांचं आयुष्यभराचं काम आहे, आणि त्या कामाला लागलेला धीर हेच पिओनी लावणाऱ्याचंही खरं भांडवल आहे.

पिओनीचे ढोबळ प्रकार दोन. एक ‘भुईपिओनी’ म्हणावी अशी : थंडीत तिचा वरचा सगळा भाग वाळून जातो आणि वसंतात जमिनीखालच्या गड्ड्यातून लालसर कोंब पुन्हा वर येतात. दुसरी झुडूप-पिओनी. चीनच्या लोयांग शहराची ती शान. तिच्या फांद्या लाकडी असतात आणि हिवाळ्यातही उभ्या राहतात. भुईपिओनीच्या वेगवेगळ्या प्रजातींचा आपसात संकर होतो, तसाच झुडूप-पिओन्यांचाही. या दोन प्रकारांचा एकमेकांशी संकर मात्र फार काळ अशक्य मानला जात होता.

फ्रान्समधल्या नान्सी गावच्या व्हिक्टर लेमोआन यांनी कॉकेशसमधल्या रानटी प्रजातीचा चिनी पिओनीशी संकर करून १९०५ मध्ये ‘ल प्रँतां’ बाजारात आणली. या क्षेत्रातलं सर्वांत मोठं नाव मात्र अमेरिकेतलं. आर्थर पर्सी साँडर्स हे न्यूयॉर्क राज्यातल्या हॅमिल्टन कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. जगभरातून बिया मागवायच्या, प्रत्येक संकराची नोंद ठेवायची आणि रोपांना फुलं येईपर्यंत वर्षानुवर्षं थांबायचं, हे काम त्यांनी १९५३ मध्ये निधन होईपर्यंत केलं. भूमध्य समुद्राकाठच्या शेंदरी प्रजातीशी चिनी पिओनीचा संकर करून त्यांनी पोवळी आणि सॅमन-गुलाबी छटा मिळवल्या. त्यांच्या ‘सिथेरिया’ला अमेरिकन पिओनी सोसायटीचं सुवर्णपदक १९८० मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी मिळालं. लायमन ग्लासकॉक यांची गडद लाल, गच्च पाकळ्यांची ‘रेड चार्म’ १९४४ ची, तर सॅम्युएल विसिंग यांची ‘कोरल चार्म’ १९६४ ची. ‘कोरल चार्म’चं फूल उमलतं ते पोवळ्यासारखं. दिवसागणिक ते फिकट होत जातं आणि शेवटी सायीच्या रंगावर येतं, त्यामुळे एकाच झाडावर तीन-चार रंग एका वेळी दिसतात.

या कथेत हिमालयालाही जागा आहे. काश्मीरपासून पश्चिम नेपाळपर्यंतच्या डोंगरउतारांवर ‘पिओनिया इमोडी’ ही पांढऱ्या फुलांची रानटी पिओनी वाढते. एका दांड्यावर तिला एकाहून अधिक फुलं येतात. साँडर्स यांनी तिचा चिनी पिओनीशी संकर केला आणि १९४७ मध्ये ‘व्हाइट इनोसन्स’ तयार झाली : जवळजवळ पाच फूट उंच, पांढरी, मध्यभागी हिरवट. युनानी वैद्यकात ‘ऊद-सलीब’ नावाने पिओनीची मुळं वापरतात आणि त्यासाठी हिमालयातली झाडं उपटली जातात. संकर करणाऱ्यांना लागणारी मूळ संपत्ती रानातच असते; ती राखणं हे सगळ्यांचंच काम आहे.

भुईपिओनी आणि झुडूप-पिओनी यांचा अशक्य मानला गेलेला संकर जपानमध्ये तोइची इतो यांनी १९४८ मध्ये साधला. पद्धत वाचायला सोपी आहे. भुईपिओनीची कळी उमलण्याआधी उघडायची, पाकळ्या काढायच्या, परागकोश एकेक करून खुडायचे म्हणजे फूल स्वतःच्या परागांनी फळणार नाही. मग दुसऱ्या झाडाचे पराग कुंचल्याने स्त्रीकेसरावर लावायचे आणि वर पिशवी बांधायची. इतो यांनी पांढऱ्या ‘काकोदेन’वर लेमोआनच्या रोपवाटिकेतल्या पिवळ्या झुडूप-पिओनीचे, ‘अ‍ॅलिस हार्डिंग’चे पराग लावले. असंख्य प्रयत्न वाया गेले, थोड्याच बिया धरल्या. त्या बियांना रोपं आली, पण फुलं येण्याआधीच, १९५६ मध्ये इतो वारले. नंतर फुलं आली ती पिवळी. लुई स्मिरनाऊ यांनी ती अमेरिकेत नेली आणि १९७४ मध्ये चार जातींचं पेटंट घेतलं. पुढे विस्कॉन्सिनच्या रॉजर अँडरसन यांनी १९८६ मध्ये ‘बार्टझेला’ नोंदवली. पिवळी, मोठी, सुगंधी, पाकळ्यांच्या तळाशी लालसर डाग असलेली ही फुलं आज इतो-पिओनीची ओळख झाली आहेत.

असे संकर बहुधा वांझ असतात. बी धरत नाहीत, धरलं तरी क्वचित. म्हणून वाढवायचे तर गड्डा फोडूनच. झाड मोठं व्हायला काही वर्षं लागतात आणि एका गड्ड्यातून मोजकीच रोपं निघतात. बाजारात किंमत चढी राहते ती यामुळे. बियांपासून वाढवायचं म्हटलं तरी आधी ओलसर उबेत मूळ फुटतं, मग थंडीचे काही महिने गेल्यावर कोंब, आणि पहिलं फूल चार-पाच वर्षांनी.

आता लागवड. थंड प्रदेशात ती करायची सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे नवरात्र-दिवाळीच्या आगेमागे. जमीन गोठण्याआधी मुळांना जम बसवायला वेळ मिळतो. दिवसात सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा या दोन गोष्टींत तडजोड नको. खड्डा दीड-दोन फूट खोल घ्यावा, माती भुसभुशीत करून त्यात कुजलेलं शेणखत मिसळावं, पण ताजं शेण मुळांशी लागू देऊ नये. गड्ड्यावर, बटाट्यावर असतात तसे, गुलाबी डोळे असतात. तीन ते पाच डोळ्यांचा तुकडा घ्यावा. लावताना डोळे जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरच राहतील, याची काटेकोर काळजी घ्यावी. पिओनीला फुलं येत नाहीत तेव्हा पहिला संशय खोल लागवडीवर घ्यावा. माती दाबून पाणी घातलं की गड्डा खाली बसतो, म्हणून पाणी दिल्यावर खोली पुन्हा तपासावी. दोन झाडांत तीन फूट अंतर हवं.

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर निराश होऊ नये. तिसऱ्या-चौथ्या वर्षी झाड खरं रूप दाखवतं. एकदा रुजलं की ते हलवू नये. पन्नास वर्षं एका जागी फुलणारी झाडं आहेत. नत्राचं खत जास्त दिलं तर पानं माजतात आणि दांडे कमजोर होतात. मुंग्या कळ्यांवरच्या गोड रसासाठी येतात, त्यांच्यापासून धोका नाही. खरा शत्रू बॉट्रिटिस ही बुरशी : कळ्या काळ्या पडतात, कोवळे दांडे तळाशी कुजतात. शरद ऋतूत भुईपिओनीचे वाळलेले दांडे जमिनीलगत कापून बागेबाहेर टाकावेत, कंपोस्टमध्ये नकोत. इतो-पिओनीचे दांडे मात्र दहा-पंधरा सेंटिमीटर राखून कापावेत, कारण त्यांवर पुढच्या वर्षाचे काही डोळे असतात. फुलदाणीसाठी फुलं खुडताना दांड्याची दोन-तीन पानं झाडावर ठेवावीत. पुढच्या फुलांचा साठा हीच पानं तयार करतात. गच्च पाकळ्यांची फुलं पावसात जड होऊन झुकतात, म्हणून त्यांना आधाराचं कडं लावावं. इतो-पिओनीला बहुधा आधार लागत नाही.

महाराष्ट्रात पिओनी लावण्याचा मोह टाळावा. हिवाळ्यात तिला चार-पाच अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात, तेव्हाच डोळे जागे होऊन कळ्या धरतात. वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दवबिंदू गोठतात, पण महाबळेश्वरच्या त्या थोड्या थंड पहाटा पुरेशा नाहीत. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंडच्या उंच भागांत मात्र ती शक्य आहे. अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या थंड भागांत राहणाऱ्या मराठी घरांना तर ही संधी दारातच आहे. मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला १९२२ पासून पिओनी बाग आहे. जूनच्या आगेमागे तिथे जाऊन जुन्या जाती एकदा पाहाव्यात आणि मग निवड करावी.

निवड करताना रंगीत चित्रावर भुलू नका, जातीचं नोंदलेलं नाव आणि गड्ड्यावरचे डोळे पाहा. आणि झाड लावल्यावर नावाची पाटी शेजारी रोवा. तुमच्यानंतर ते झाड सांभाळणाऱ्याला तिचा उपयोग होईल.