विश्लेषण : जपानच्या कॅप्सूल हॉटेलमध्ये कुलूप का नसते? तेथे राहणे कोणाला परवडते, कोणाला नाही?

जपानला २०२४ मध्ये ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटकांनी भेट दिली. त्यात भारतीय होते सुमारे २ लाख ३३ हजार. येन स्वस्त झाल्याने पर्यटक वाढले आणि पर्यटक वाढल्याने टोक्यो, क्योटो, ओसाका येथील साध्या हॉटेलांचे दर चढले. अशा वेळी नियोजन करणाऱ्याची नजर कॅप्सूल हॉटेलकडे वळते. चित्रफितींमध्ये ते अंतराळयानासारखे दिसते. प्रत्यक्षात ते रेल्वेच्या शयनयानाला अधिक जवळचे आहे, आणि त्याचा जन्मही रेल्वेच्याच वेळापत्रकातून झाला आहे. हे लक्षात घेतले तर तेथील बरेचसे विचित्र वाटणारे नियम आपोआप उलगडतात.

पैसे कशाचे मोजायचे?

झोपण्याचा कप्पा साधारण दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर किंवा त्याहून थोडा जास्त उंच असतो. आत बसता येते, उभे राहता येत नाही. गादी, उशी, दिवा, फोन चार्ज करण्याची सोय, हवा खेळण्यासाठी झरोका, कुठे गजर तर कुठे छोटा टीव्ही. कप्पे एकावर एक असे दोन थरांत रचलेले असतात आणि वरच्या कप्प्यात शिडीने चढावे लागते. एसी टू-टियरच्या डब्यातून रात्रभर प्रवास केलेल्याला यात नवे वाटावे असे फार काही नाही. फक्त गाडी हलत नाही आणि चहावाला येत नाही.

बाकी सगळे सामायिक. दारातच बूट काढून छोट्या लॉकरमध्ये ठेवायचे. अनेक ठिकाणी त्याची किल्ली काउंटरवर जमा केली की मनगटाला बांधायची दुसरी किल्ली मिळते, ती कपड्यांच्या लॉकरची. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टची प्रत घेतली जाते. टॉवेल, दात घासायचा ब्रश आणि रात्रीचे सैल कपडे बहुतेक ठिकाणी हॉटेलच देते. मग स्नानगृह. जुन्या पद्धतीच्या हॉटेलांत मोठे सामूहिक स्नानकुंड असते. तेथे विवस्त्र होऊनच जायचे, आधी बाजूच्या नळाखाली बसून अंग स्वच्छ धुवायचे आणि मगच गरम पाण्यात उतरायचे. अंगावर गोंदण असल्यास काही ठिकाणी मज्जाव असतो. ज्यांना याचा संकोच वाटतो त्यांनी स्वतंत्र शॉवर असलेले नव्या धाटणीचे हॉटेल निवडावे. आता ती भरपूर आहेत.

थोडक्यात, येथे खोली विकली जात नाही. विकली जाते ती एक जागा, आणि तिच्यासोबत संपूर्ण इमारतीचा वापर.

मग कुलूप का नाही?

प्रवाशांचा, विशेषतः पहिल्यांदा जाणाऱ्यांचा, हा पहिला प्रश्न असतो. कप्प्याला पडदा किंवा खाली ओढायची जाळी असते; कडी-कुलूप नसते. हा निष्काळजीपणा नाही आणि ‘जपानमध्ये चोऱ्या होत नाहीत’ एवढे भाबडे कारणही त्यामागे नाही. कारण कायद्यात आहे.

जपानमध्ये निवास व्यवसायाचा कायदा १९४८ पासून आहे. त्यात हॉटेल हा एक वर्ग आणि अनेकांनी मिळून जागा वापरायची असे ‘साधे निवासस्थान’ हा दुसरा. कॅप्सूल हॉटेल या दुसऱ्या वर्गात मोडते. कायद्याच्या नजरेत कप्पा म्हणजे खोली नव्हे. ते एका मोठ्या सामायिक खोलीतले फर्निचर. त्याला पक्के दार आणि कुलूप लावले की तो स्वतंत्र खोली ठरण्याची शक्यता निर्माण होते. हॉटेल वर्गात पलंग असलेली खोली किमान ९ चौरस मीटरची असावी लागते. कॅप्सूलचे क्षेत्रफळ जेमतेम २ चौरस मीटर. शिवाय बंद खोली म्हटली की आगीच्या संदर्भातले नियमही वेगळे लागू होतात. एका मजल्यावर कित्येक माणसे झोपलेली असताना धूर झाला, तर प्रत्येकाला क्षणात बाहेर पडता आले पाहिजे आणि कर्मचाऱ्यांना प्रत्येकापर्यंत पोहोचता आले पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशेब.

म्हणूनच ‘फर्स्ट केबिन’सारख्या साखळीने विमानाच्या प्रथम श्रेणीच्या धर्तीवर, उभे राहता येईल असे प्रशस्त कप्पे बांधले तरी पुढे ओढायचा पडदाच ठेवला. (ही मूळ कंपनी करोनाकाळात, एप्रिल २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली. सामायिक जागेवर उभा असलेला व्यवसाय साथीत किती उघडा पडतो, याचे ते उदाहरण ठरले.) मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी लॉकर असतो, पासपोर्ट आणि पैसे उशाखाली न ठेवता तेथेच ठेवावेत.

ही कल्पना आली कुठून?

जगातले पहिले कॅप्सूल हॉटेल १९७९ मध्ये ओसाकाच्या उमेदा भागात सुरू झाले. नाव ‘कॅप्सूल इन ओसाका’, वास्तुरचनाकार किशो कुरोकावा. उमेदा हा रेल्वेस्थानकांनी आणि मद्यालयांनी गजबजलेला भाग. तेथील सौना स्नानगृहांत शेवटची गाडी चुकलेले नोकरदार रात्रभर आडवे पडून राहत. त्यांना थोडी बरी झोप देण्यासाठी ही सोय उभी राहिली.

जपानच्या महानगरांत उपनगरी गाड्या मध्यरात्री १२ ते १ च्या सुमारास थांबतात आणि पहाटे ५ च्या आसपास पुन्हा सुरू होतात. शेवटच्या लोकलच्या मागे धावलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. टोक्योत टॅक्सीला रात्री १० नंतर २० टक्के जादा आकार पडतो. ३० किलोमीटरवरच्या घरी जायचे तर बिल सहज १० हजार येनच्या वर जाते. त्यापेक्षा निम्म्या किमतीत अंघोळ, झोप आणि सकाळी थेट कार्यालय. कॅप्सूल हॉटेलचे अर्थकारण या एका तुलनेवर उभे राहिले.

यात एक गंमत आहे. कुरोकावा यांचे स्वप्न याहून मोठे होते. त्यांनी टोक्योत १९७२ मध्ये ‘नाकागिन कॅप्सूल टॉवर’ उभारला होता. १४० सुट्या कॅप्सूल, प्रत्येक सुमारे १० चौरस मीटरची, स्वतंत्र न्हाणीघरासह. ठरावीक वर्षांनी जुनी काढून नवी बसवायची, अशी योजना. एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये तो टॉवर पाडण्यात आला. भविष्यातले घर म्हणून बांधलेली कॅप्सूल गेली. गाडी चुकलेल्यांसाठी बांधलेली मात्र देशभर पसरली.

अर्थात, तिच्याकडे सगळेच गाडी चुकून आले नाहीत. २००८ च्या जागतिक मंदीनंतर काम आणि घर गमावलेली माणसे महिन्याचे भाडे भरून अशा कप्प्यांत राहू लागल्याचे वृत्तान्त तेव्हा प्रसिद्ध झाले होते. ज्या जागेची पर्यटक हौसेने छायाचित्रे काढतात, ती काहींसाठी शेवटचा निवारा होती.

पर्यटकाची अडचण कुठे होते?

लॉकर उघडताच. जुन्या हॉटेलांतले लॉकर उंच पण अरुंद असतात. एक कोट टांगावा आणि एक ब्रीफकेस उभी राहावी एवढेच. मूळ गिऱ्हाईक कोण होते, ते त्या रुंदीवरून कळते. २३ किलोची बॅग त्यात जात नाही. ती काउंटरजवळ साखळीने बांधून ठेवावी लागते आणि अंतर्वस्त्रापासून औषधापर्यंत काहीही हवे असले की सगळ्यांसमोर उघडावी लागते. जपानमध्ये मोठी बॅग एका शहरातून पुढच्या शहरातील हॉटेलवर कुरिअरने पाठवण्याची उत्तम सेवा आहे. बॅग बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते. कॅप्सूलमध्ये एक रात्र काढायची तर ही सेवा वापरून पाठीवरच्या छोट्या पिशवीसह जाणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण सलग मुक्कामाची. तीन रात्रींचे पैसे भरले तरी अनेक ठिकाणी सकाळी १० वाजता सर्वांनी बाहेर पडायचे आणि स्वच्छता झाल्यावर दुपारी परत यायचे, असा नियम असतो. दिवसभर फिरणाऱ्याला तो जाचत नाही. ताप आलेल्या किंवा पाय सुजलेल्या प्रवाशाला मात्र दुपारी पडायला जागा उरत नाही.

तिसरी बाब कुटुंबाची. ही हॉटेले दीर्घकाळ पुरुषांसाठीच होती आणि आजही काही तशीच आहेत. जेथे महिलांना प्रवेश आहे तेथे त्यांचा मजला, स्नानगृह आणि अनेकदा लिफ्टही वेगळी असते. एकट्या प्रवास करणाऱ्या महिलेसाठी ही चांगली व्यवस्था आहे. पण पती-पत्नीची ताटातूट ठरलेली, आणि लहान मुलांना बहुतेक ठिकाणी प्रवेश नाही. आरक्षणापूर्वी ‘फक्त पुरुषांसाठी’ अशी सूचना आहे का, हे पाहायलाच हवे.

झोप लागते का?

ते शेजाऱ्यावर अवलंबून आहे. फायबरची भिंत नजर अडवते, आवाज नाही. घोरणे, खोकला, पहाटे साडेचारला पुन्हा पुन्हा वाजणारा गजर आणि सर्वांत त्रासदायक म्हणजे प्लास्टिकच्या पिशव्यांची सळसळ, सगळे ऐकू येते. कानात घालायचे बोळे सोबत हवेतच. झोपण्याच्या मजल्यावर फोनवर बोलायचे नाही, हा संकेत तेथे फार गांभीर्याने पाळला जातो. घरी व्हिडीओ कॉल करायचा तर लाउंजमध्ये. खाणेही तेथेच, त्यामुळे घरून नेलेली लसणाची चटणी कप्प्यात उघडू नये. एसी मजल्याचा असतो, कप्प्याचा नव्हे. बंदिस्त जागेत जीव घाबरणारे, गुडघेदुखीचे रुग्ण आणि सहा फुटांहून उंच व्यक्ती यांनी दुसरा पर्याय पाहावा.

तरीही तेथे राहावे का?

दर साधारण ३ ते ६ हजार येन, म्हणजे ढोबळमानाने पावणेदोन ते साडेतीन हजार रुपये. सुटीच्या दिवशी तो वाढतो. एकट्यासाठी हे स्वस्त आहे. दोघांसाठी दोन कप्प्यांचे पैसे मोजल्यावर छोट्या बिझनेस हॉटेलची खोली अनेकदा जवळपास त्याच किमतीत मिळते. तिला दार असते, कुलूप असते आणि दुपारी परतता येते. त्यामुळे जोडप्याने हा हिशेब मांडल्याशिवाय कॅप्सूल घेऊ नये.

मुंबई सेंट्रल स्थानकात नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ४८ पॉडच्या हॉटेलनेही हेच ओळखले होते. तेथे सुरुवातीपासून १२ तासांचा आणि २४ तासांचा असे दोन दर ठेवण्यात आले. सर्वात स्वस्त पॉड १२ तासांसाठी ९९९ रुपये. जपानमध्ये ‘नाइन अवर्स’ या २००९ मध्ये क्योटोत सुरू झालेल्या साखळीचे तर नावच हिशेबाचे आहे : एक तास अंघोळीला, सात तास झोपेला, एक तास आवरण्याला. नारिता विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनललगत तिची शाखा आहे. भारतात परतण्याचे विमान सकाळी लवकर असेल, तर आदल्या रात्री टोक्यो शहरात खोली घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीच्या भरवशावर राहण्यापेक्षा ती सोयीची पडते. तेथे काही तासांच्या डुलकीसाठीही कप्पा मिळतो.